जांभळ्या कापडाखालची माता

१

जांभळं कापड खाली आलं आणि आत माता नव्हती.

ईस्टरच्या आदल्या शनिवारची सकाळ होती. रात्रीच्या मिस्सेसाठी आम्ही पाचसहा जण चर्च सजवत होतो. माझा नवरा अश्विन स्टुलावर चढून कोनाड्यातल्या मूर्तीवरचं कापड सोडवत होता. मी एका हाताने स्टूल धरलं होतं. दीड वर्षांचा रुबेन माझ्या कडेवर होता आणि माझी ओढणी चावत होता. कापड घसरलं, रुबेन हसला, आणि मी वर बघितलं.

कोनाड्यात तणसाची बाहुली उभी होती. धानाचं वाळलेलं तणस, त्यावर पोत्याचं कापड, सुतळीने करकचून आवळलेलं. डोक्याच्या जागी सोललेला नारळ. बाजूला मूल म्हणून आणखी एक लहान गाठोडं बांधलेलं.

माझ्या सासूबाई अंजनाबाई वेदीजवळ मेणबत्त्यांचे स्टँड पुसत होत्या. त्यांनी क्रूसाची खूण केली आणि तिथेच खाली बसल्या. फादर बिनॉय नुसते बघत राहिले. पहिले बोलले ते गुणवंतराव, आमच्या चर्च कमिटीचे अध्यक्ष.

"दरवाजा लावा. कोणी बाहेर जाऊ नका."

मग ते वळले. रिकाम्या कोनाड्याकडे नाही, माझ्या नवऱ्याकडे.

"अश्विन, चर्चच्या चाव्या दोनच. एक फादरपाशी. दुसरी कोणापाशी हाय?"

२

ज्यांनी आमचं चर्च पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते.

चंद्रपूरच्या परकोटाच्या भिंतीजवळ हे चर्च उभं आहे. खाणी आणि रेल्वे आल्या, त्यांच्यामागोमाग तेलुगू, तमिळ, गोव्याची माणसं आली, आणि फ्रान्सकडच्या एका फादरने त्यांच्यासाठी ते बांधलं. यंदा शंभरावं वर्ष. मी स्वतः बौद्ध घरातली, नाव संघप्रिया, पण इतिहासात एम.ए. केलेलं असल्यामुळे शताब्दीच्या स्मरणिकेचं काम फादरांनी माझ्याकडे दिलं. सगळ्या चित्रांचे, मूर्तींचे फोटो मीच काढले. क्रूसाच्या वाटेची चौदा चित्रं पत्र्यावर रंगवलेली आहेत आणि कडांना गंजली आहेत. येशूजन्माच्या चित्रात गाढवाऐवजी जंगलातला गवा बसलाय, कारण रंगवणाऱ्याने तोच पाहिला होता. संत योसेफाच्या चित्रात मागे सागाची पानं आहेत.

आणि माता. आलापल्लीच्या सागवानातून मिशनच्या एका गोंड सुताराने कोरलेली, जेमतेम दोन हात उंच. जगातल्या बहुतेक माता बाळाला पुढे धरतात; आमचीने त्याला कडेवर घेतलंय, डाव्या कडेवर, इकडच्या बायका घेतात तसं. तिच्या मनगटावर गोंदणाचे ठिपके आहेत. येणारी प्रत्येक बाई तिच्या पायाला हात लावून तो कपाळाला लावते. पाय झिजून गुळगुळीत झालेत.

वर्षातून फक्त एका काळात तिला कोणी हात लावत नाही. ईस्टरच्या आधीचे दोन आठवडे चर्चमधल्या मूर्ती जांभळ्या कापडाने झाकायची पद्धत आहे. कापड अश्विन बांधतो, अश्विनच सोडतो. मधे ते उचलून आत डोकावायचं नाही, हे लहान पोरांनाही माहीत असतं. चोराला दोन आठवडे आयते मिळाले होते.

"पोलिसांत द्यायचं," गुणवंतराव म्हणाले. "आत्ताच."

"ईस्टर होऊन जाऊ द्या," फादर म्हणाले. ते केरळचे, त्यांच्या मराठीत हिंदी मिसळते. "सोमवार शाम तक थांबू. कोणी घेऊन गेला असेल तर त्याला परत आणायला एक मौका." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "संघप्रिया, तुझ्याकडे सगळे फोटो आहेत. बघ जरा. तुझी नजर चांगली आहे."

नजर चांगली आहे म्हणजे काय, ते मला माहीत आहे. मी संशयी आहे. रुबेन झाल्यापासून जास्तच. दूध किती वेळ उघडं होतं, दाराची कडी कोणी काढली, कोण खोकतंय, सगळं माझ्या डोक्यात चालू असतं.

गुणवंतरावांनी चावीचं परत विचारलं. अश्विन म्हणाला, "माझ्याच खिशात होती. एक दिवस सुद्धा कोणाले दिली नाई."

तो जमिनीकडे बघून बोलला. आणि मला माहीत होतं की तो खोटं बोलतोय.

३

बुधवारी रुबेनची लस होती. सकाळी अश्विन कंपनीच्या बसने ऊर्जानगरला कामावर गेला. दुपारी मी लसीला निघाले तर खुंटीवर स्कुटीची चावी नव्हती. स्कुटीची आणि चर्चची चावी एकाच रिंगमध्ये असते. नेली असेल चुकून, म्हणून मी चिडून ऑटो केली. संध्याकाळी रुबेनला ताप भरला. मी औषध आणायला धावले तेव्हा रिंग खुंटीवर होती. स्कुटी काढली, औषध घेऊन आले, रुबेनला पाजलं, आणि त्यानंतर अश्विनची बस आली.

म्हणजे बुधवारी दिवसभर रिंग त्याच्या खिशात नव्हती. मग तो खोटं का बोलतोय?

अश्विन वीजकेंद्रात कंत्राटी आहे. कायम करण्याची यादी निघालीय, त्याचं नाव आहे, फक्त पोलिसांची चारित्र्य पडताळणी बाकी. सोमवारी त्याच्या नावाने चोरीची तक्रार गेली तर ती नोकरी गेली. रुबेनचं सगळं त्या नोकरीवर उभं आहे. हे त्यालाही माहीत होतं. तरी तो खोटं बोलला होता.

घरी आल्यावर मी विचारलं, "बुधवारी चावी कुठी होती?"

"सांगितलं ना. खिशात."

"मले स्कुटी नाई मिळाली त्या दिवशी."

"मंग खिशातच होती ना." तो पंखा वाढवायला उठला. "आता तूही पोलीस झाली का?"

सासूबाई आतून आल्या. "द्या त्याले माझ्यापाशी. भांडाचं असन तर लेकराले मधात नोका घेऊ." त्यांनी हात पुढे केले आणि रुबेन माझ्या डाव्या कडेवरून सरळ त्यांच्या उजव्या कडेवर गेला. आमची ही देवाणघेवाण रोजची. समोरासमोर उभं राहिलं की मधे कोणाला वळावं लागत नाही.

मी स्कुटी काढली आणि पुन्हा चर्चला गेले.

फाटकावर रामाजी बसतात. पूर्वी खाणीत होते, आता आमचे राखणदार. कडुलिंबाखाली खुर्ची टाकून ते येणाऱ्याजाणाऱ्याचा हिशेब डोक्यात ठेवतात. कोनाड्यातल्या तणसाचं विचारल्यावर म्हणाले, नाताळच्या गव्हाणीचं तणस मागच्या खोलीत होतं, पण ते उंदरांनी कधीच संपवलं.

"सोमवार-मंगळवारी तर दिवसभर गर्दी होती, पापनिवेदनाले," ते म्हणाले. "बुधवारी फादर नागपूरले गेले, चर्च बंद होतं. गुरुवारपासून मंग परत लोकच लोक."

"बुधवारी कोणी आलं होतं का रामाजीभाऊ?"

"अनोळखी माणूस फिरकला नाई. गुणवंतरावाईनंही हेच विचारलं मले." त्यांनी तंबाखू मळता मळता माझ्याकडे बघितलं. "पण बाई, एक सांगू का? राग नोका मानू. लेकराले अशा उन्हात बाहेर पाठवत नोका जाऊ. ओला दुपट्टा गुंडाळून सासूबाई घेऊन फिरून राहिल्या, पाय सुद्धा दिसत नव्हते त्याचे. जीव घाबरते ना जी, लेकराचा."

माझं डोकंच फिरलं. एप्रिलच्या चंद्रपुरात भर दुपारी माझ्या पोराला बाहेर? मला न सांगता? तिथून घरी येईपर्यंत मी फक्त तेच घोकत होते. चोरीचं सगळं डोक्यातून गेलं.

घरी येऊन सासूबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "रामाजीले काय समजते." आणि भाजी चिरत राहिल्या. डाव्या हाताने, जशा नेहमी चिरतात. जेवायला मात्र उजवा. लहानपणी आईने बोटांवर मारून लावलेली सवय, असं त्याच सांगतात.

त्या रात्री मिस्सेत अश्विन माझ्या शेजारी उभा होता आणि एकही गाणं गायला नाही.

४

रविवारी ईस्टरची सकाळची मिस्सा सुटली तेव्हा फाटकासमोर एक पांढरी पिकअप उभी होती. टपावर गाद्या आणि दोरखंड. खाली उतरलेल्या तरुणाला मी ओळखलं. मोहर्लीला ताडोबाच्या गेटजवळ त्याचं रिसॉर्ट आहे, विक्की त्याचं नाव. दोन महिन्यांपूर्वी तो येऊन मातेचे मोबाइलवर फोटो काढून गेला होता.

लोक एकमेकांना शुभेच्छा देत होते, अंडी-केक वाटत होते. गुणवंतराव गर्दीतून जवळजवळ पळतच त्याच्याकडे गेले, त्याचा दंड धरून त्याला भिंतीकडे नेलं. मी रुबेनला पाणी पाजायच्या निमित्ताने नळाजवळ गेले. नळ भिंतीला लागूनच आहे.

"...ईस्टर के बाद बोला था ना आपने," विक्की म्हणत होता. "मैंने लॉबी में जगह बनाके रखी है."

"आता नाई. मी फोन करतो."

"फायबरवाली मूर्ती का ऑर्डर दे दिया मैंने. तुम्हारे शताब्दी के मंडप का भी बोल दिया. अभी आप ना बोल रहे?"

"हळू बोल," गुणवंतराव म्हणाले. तेवढ्यात त्यांना मी दिसले. त्यांनी विक्कीला गाडीत बसवलं आणि गाडी गेली.

मी तोंड बंद ठेवू शकत नाही, हा माझा दोषच आहे. "कोण होतं काका?"

"मूर्तीले पॉलिश करून देणारा. फादरले माहीत हाय." ते हसले. "स्मरणिकेत लिहाले पायजे का तुले हे बी? तू तुझ्या नवऱ्याचं बघ, पोरी. उद्या संध्याकाळी पोलिसांत फोन मीच करणार हाव."

पॉलिश करणारा माणूस लॉबीत जागा करून ठेवत नाही. म्हणजे मातेला इथून न्यायचं आधीच ठरलं होतं. मग गुणवंतरावांनीच आधी नेली का? पण नेली असती तर विक्कीला रिकामा कशाला परत पाठवतील? त्यांच्या कपाळावर घाम होता आणि तो उन्हाचा नव्हता. मूर्ती कुठे आहे हे त्यांनाही माहीत नव्हतं.

मागे वळले तर सासूबाई कडुलिंबाखाली उभ्या होत्या. पिकअप गेलेल्या रस्त्याकडे बघत होत्या. कोणीतरी येऊन काहीच न करता निघून गेल्यावर माणूस बघतो, तसं.

५

दुपारी रुबेन झोपला. बाकी घरही झोपलं, किंवा झोपल्याचं दाखवत होतं. मी मोबाइल काढला.

स्मरणिकेसाठी काढलेले फोटो काही कामाचे नव्हते, ते सगळे कापड बांधायच्या आधीचे. पण माझ्या मोबाइलमध्ये स्मरणिकेपेक्षा जास्त रुबेन आहे. रुबेन झोपलेला, रुबेन रडणारा, रुबेन चर्चच्या बाकावर. आणि त्याच्या मागे, कधी अर्धा, कधी पूर्ण, मातेचा कोनाडा.

झावळ्यांच्या रविवारचा फोटो. रुबेनच्या हातात झावळी, मागे जांभळ्या कापडाचा आकार. कापड पातळ, आतल्या मूर्तीचा अंदाज येतो. डोकं, खांदा, आणि कडेवरच्या बाळाचा फुगवटा. माता आपल्याकडे तोंड करून उभी, बाळ तिच्या डावीकडे, म्हणजे बघणाऱ्याच्या उजवीकडे. फुगवटा उजवीकडेच होता.

पवित्र गुरुवारचा फोटो. त्या संध्याकाळी फादर बारा जणांचे पाय धुतात. अश्विन त्या बारांत होता, म्हणून मी काढला होता. मागे कोनाडा. डोकं, खांदा, फुगवटा.

फुगवटा डावीकडे होता.

मी दोन्ही फोटो मोठे करून बघितले. मोबाइलने उलटा फोटो काढला असेल, अशीही शंका आली. पण कोनाड्याशेजारचं संत योसेफाचं चित्र दोन्ही फोटोंत एकाच बाजूला होतं. उलटलं होतं ते फक्त बाळ.

म्हणजे रविवारी आत माता होती. गुरुवारी संध्याकाळी तणसाची बाहुली होती. सोमवार-मंगळवार चर्च माणसांनी भरलेलं, गुरुवारीही. बंद होतं ते फक्त बुधवारी. चोरी बुधवारी झाली. बुधवारी फादर त्यांच्या चावीसकट नागपूरला होते. दुसरी चावी वापरली गेली, आणि ती कुठे नव्हती एवढं मला माहीत होतं.

राहिला फुगवटा. बाहुली करणाऱ्याने एवढं नीट मोजून केलं, उंची बरोबर, खांदे बरोबर, आणि बाळच चुकीच्या बाजूला कसं काय लावलं?

मी आरशासमोर उभी राहिले. उशी घेतली आणि कडेवर धरली. विचार न करता धरली, तेव्हा ती डाव्या कडेवर गेली. कारण उजवा हात मोकळा लागतो, पोळी उलटायला, दार उघडायला, पोराच्या तोंडाला घास द्यायला. कोणी मला फोटो न देता बाहुली करायला सांगितली असती, तर मी ती अशीच केली असती. पोर हातात नसतानाही कंबरेला त्याची बाजू माहीत असते.

मग मी उशी दुसऱ्या बाजूला घेऊन पाहिली. आणि दाराच्या बाहेर, स्वयंपाकघरात, कोणीतरी भाजी चिरत होतं.

मी खाली पलंगावर बसले. थोड्या वेळाने चप्पल घालून फाटकावर गेले आणि रामाजींना एकच गोष्ट विचारली. त्यांनी उत्तर दिलं. मी त्यांना म्हटलं, उद्या संध्याकाळी इथेच थांबा.

६

सोमवारी संध्याकाळी आम्ही चर्चमध्ये बसलो. पुढच्या बाकावर गुणवंतराव, मोबाइल मांडीवर. फादर वेदीच्या पायरीवर. रामाजी दाराशी उभे. अश्विन, सासूबाई आणि मी एका बाकावर, रुबेन आमच्यामध्ये.

"झाला मौका," गुणवंतराव म्हणाले. "मूर्ती आली नाई. फादर, करू फोन?"

अश्विन उठला. "फोन कराची गरज नाई. म्याच नेली."

मी त्याच्याकडे बघत होते. तो परत जमिनीकडे बघून बोलला होता. रुबेन खोटं रडतो तेव्हाही माझ्या लक्षात येतं. हे तर त्याहून सोपं होतं.

"कुठी ठेवली?" मी विचारलं.

तो रिकाम्या कोनाड्याकडे बघू लागला.

"कशी नेली? बुधवारी तू ऊर्जानगरले होता. बस तुले सकाळी घेऊन गेली आन संध्याकाळी घेऊन आली. रिंग तुझ्या यायच्या आधी खुंटीवर होती, मी स्वतः घेतली. तुझ्या खिशातून खुंटीवर उडून आली का?"

"प्रिया, खाली बस."

"नाही बसत." मग मी फादरांना दोन्ही फोटो दाखवले, रविवारचा आणि गुरुवारचा, आणि बुधवारपर्यंत कशी पोचले ते सांगितलं. फादरांनी चष्मा काढून फोटो डोळ्यांजवळ नेले. गुणवंतरावांनी बघायची तसदी घेतली नाही.

"रामाजीभाऊ," मी म्हटलं, "बुधवारी इथे कोण आलं होतं?"

"अनोळखी कोणी नाई, सांगितलं ना."

"ओळखीचं?"

रामाजींनी सासूबाईंकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "वेदीचे कपडे धुवाले न्यायले बाई आल्या होत्या. त्या रोजच्याच हायत, म्हून म्या हिशेबात धरल्या नाई. नातू होता कडेवर, दुपट्ट्यात गुंडाळलेला. आत गेल्या, बाहेर आल्या."

"कोणत्या वेळी?"

"भर दुपारी. म्या तुमाले म्हटलं ना, लेकराले उन्हात..."

"बुधवारी भर दुपारी," मी म्हणाले, "रुबेन माझ्यापाशी होता. दवाखान्यात. त्याच्या मांडीवर सुई टोचत होते आणि मी त्याचे हात धरून बसले होते."

गुणवंतराव आता माझ्याकडे बघत होते.

"जाताना कडेवर एक गाठोडं होतं, येताना दुसरं. एक तणसाचं, एक सागाचं. दोन्ही एवढ्याच मापाची. दीड वर्षाच्या पोराएवढी." मी रुबेनच्या डोक्यावर हात ठेवला. "ही बाहुली ज्यांनी केली त्यांनी ती स्वतःच्या अंगाला लावून केली. बाळ जिकडे बसतं तिकडे त्यांनी बाळ बांधलं. जी बाई डाव्या हाताने कामं करते, ती पोर उजव्या..."

पुढचं माझ्याच्याने बोलवेना. नवऱ्याला वाचवायचं तर त्याच्या आईचं नाव घ्यायचं होतं, आणि ती माझ्या शेजारी बसली होती, माझ्या पोराचा पाय हातात धरून.

"सांग ना बाई," सासूबाई म्हणाल्या. "थांबली काऊन?"

७

त्या उठल्या, पदर नीट केला, आणि फादरांना म्हणाल्या, "म्या नेली. पोरानं नाई. म्या त्याची चावी खुंटीवरून घेतली, त्याले विचारलं बी नाई. तणस नागभीडहून आणलं, बहिणीकडून, मंगळवारी गेली होती तवा. माता बी बहिणीच्याच हाती धाडली, तिच्याच घरी हाय."

"पण का?" फादर म्हणाले. "अंजनाबाई, तुम्ही तर रोज तिच्या पायाला..."

"म्हूनच." त्यांनी गुणवंतरावांकडे बोट केलं नाही, नुसतं पाहिलं. "म्या मागच्या खोलीत कपडे घड्या करून राहिली होती. हे फोनवर बोलून राहिले होते. ईस्टर झाला का घेऊन जा म्हणे, हॉटेलात ठेव म्हणे, आन आमाले नवी पाठव. म्या तुमाले सांगितलं होतं ना फादर, मूर्ती चालली म्हून?"

फादरांनी आठवायचा प्रयत्न केला. मग त्यांना आठवलं. "मैंने कहा था, पॉलिशला जाते आहे."

"तुमाले तसंच सांगितलं होतं त्याईनं. कमिटीचे अध्यक्ष ते, आन मी मेणबत्त्या पुसणारी. माझं कोण ऐकते? मले वाटलं, ईस्टरले तो गाडी घेऊन येईन, सगळ्याईसमोर मूर्ती मांगन, आन मूर्ती तर नसन. मंग हे काय सांगतीन? सगळं आपोआप बाहेर येईन. पण याईनं त्याले भिंतीकडं नेलं आन परत पाठवलं. म्हून आज सांगाचंच होतं मले. पण हा पोट्टा माझ्या आधी उठला."

"कोणतं हॉटेल?" फादर गुणवंतरावांकडे वळले.

"काहीही बोलून राहिली ते," गुणवंतराव म्हणाले. "चोरी केली हे तिनंच कबूल केलं. तुमी तिकडं पाहा."

"काका," मी म्हणाले, "तुम्ही विक्कीला म्हणालात, हळू बोल. नळ चालू होता पण तो हळू बोलत नव्हता. लॉबी, फायबरची मूर्ती, मंडप. सगळं ऐकलं मी. पोलिसांना फोन करायचा तर करा. पण मग त्यालाही बोलवावं लागेल ना?"

गुणवंतरावांनी मोबाइल उचलला. स्क्रीनवर बोट ठेवलं, काढलं. मग तो खिशात टाकला. "शंभर वर्षं झाली, जुनाट झाली ते," ते म्हणाले. "नवी, चांगली, गोरी मूर्ती मिळत होती. चर्चसाठीच करून राहिलो होतो ना. माझ्या घरी नेऊन राहिलो होतो का?"

"माझ्या मायच्या हातावर होतं तसं गोंदण हाय तिच्या हातावर," सासूबाई म्हणाल्या. "गोरीच्या हातावर राहणार हाय का?"

फादर पायरीवरून उठले. म्हणाले, "तक्रार नाही. कोणाचं नाव कुठे जाणार नाही. उद्या मी स्वतः नागभीडला येतो, आपण तिला घेऊन येऊ. गुणवंतराव, तुम्ही कमिटीत राहायचं की नाही, ते रविवारी सगळ्यांसमोर बोलू. आणि विक्कीचं पण."

गुणवंतराव निघून गेले. रामाजींनी त्यांच्यासाठी फाटक उघडलं नाही. त्यांना स्वतःच उघडावं लागलं.

८

दुसऱ्या दिवशी आम्ही फादरांच्या जीपने नागभीडला गेलो. माता सासूबाईंच्या बहिणीच्या घरी, धानाच्या कणगीत, दुपट्ट्यासकट उभी होती. नाकाच्या शेंड्यावर भुसा लागला होता. सासूबाईंनी पदराने तो पुसला आणि तिला कडेवर घेऊनच जीपपर्यंत आल्या. यावेळी दुपट्टा नव्हता, त्यामुळे गावातल्या बायका घराबाहेर येऊन बघत होत्या. एकीने विचारलं, "कोणाचं लेकरू जी?" सासूबाई म्हणाल्या, "आमचंच."

वाटेत एका फाट्यावर चहाला थांबलो तेव्हा सासूबाईंनी रुबेनला माझ्याकडे दिलं आणि म्हणाल्या, "तुले आधीच मालूम होतं ना? रविवारीच?"

"हो."

"मंग घरी काऊन नाई म्हटलं मले?"

"घरी म्हटलं असतं तर तुम्ही काय केलं असतं?"

त्यांनी थोडा विचार केला. "नाई म्हटलं असतं," त्या म्हणाल्या, आणि चहा प्यायल्या.

अश्विनची पडताळणी मेमध्ये झाली. पोलीस घरी येऊन चहा पिऊन गेला, शेजाऱ्यांना दोन प्रश्न विचारले, सही घेतली. ऑर्डर आली. सासूबाईंनी पेढे वाटले, गुणवंतरावांच्या घरीसुद्धा. त्यांच्या बायकोने घेतले.

ऑर्डर आली त्या संध्याकाळी अश्विन अंगणात खाट टाकून बसला होता. रुबेन त्याच्या पोटावर. मी शेजारी जाऊन बसले.

"कापड काढलं तेव्हाच तुले समजलं होतं?" मी विचारलं.

"सुतळीची गाठ पाहिली आन समजलं. आईचीच गाठ."

"आणि तू मले सांगितलं नाई."

"तुले माहीत झालं असतं तर तू बोलली असती."

"बोललेच ना शेवटी."

"हाव."

रुबेनने त्याच्या शर्टाचं बटण तोंडात घातलं, मी ते काढलं.

"दोन दिवस मले वाटत होतं तूच नेली," मी म्हणाले.

"माहीत होतं मले. तू माझ्याकडे पाहून राहिली होती ना, तसंच पाहून राहिली होती जसं दुधाकडं पाहते, नासलं का म्हून."

मला हसू आलं नाही. त्यालाही नाही.

"मंग मले विचारलं काऊन नाई सरळ?" तो म्हणाला. "तू नेली का म्हून?"

"तू खोटं बोलला असता."

त्याने रुबेनला पोटावरून उचलून माझ्याकडे दिलं.

"हाव," तो म्हणाला. "बोललो असतो."